मूल लवकर हात टेकतं? पालकांनी या चुका टाळाव्यात

"आमचा पोट्टा दोन मिनिटं टिकत नाही जी, लगेच सोडून देतो." नागपुरात शाळेच्या फाटकाबाहेर ही तक्रार हमखास ऐकू येते. आणि खापर फुटतं ते पोराच्या स्वभावावर. मोठ्यांच्या सवयींकडे कोणी बघत नाही.

घाईनं मदतीला धावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. संक्रांतीच्या आधी कोणत्याही गच्चीवर बघा. सात-आठ वर्षांची मुलगी पतंगाला कन्नी बांधत असते. भोक पाडताना कागद थोडा फाटतो, गाठ सैल बसते, पतंग वर जाताच एका बाजूला कलून गिरक्या घेतो. लगेच बाबा म्हणतात, "आण इकडं, तुला नाही जमायचं." पतंग झकास उडतो, पण मुलीच्या वाट्याला चक्री धरणं तेवढं येतं. पुढच्या संक्रांतीलाही ती पतंग घेऊन बाबांकडेच येणार.

त्याऐवजी विचारा, "कोणत्या बाजूला कलतोय?" ते तिला दिसतंच. "मग दुसऱ्या बाजूला कागदाची बारीक पट्टी चिकटवून बघ." इतका इशारा पुरे. मदत करूच नये असं नाही. भोकं तुम्ही पाडा, गाठ तिला मारू द्या, सुटली तर पुन्हा मारू द्या. काम अवघड वाटलं पाहिजे, अशक्य नाही. (नायलॉन मांजा मात्र हातात देऊच नका. त्यातून फक्त गळे कापले जातात.)

'किती हुशार गं माझी बाई!'

हे कौतुक गोड असलं तरी अंगाशी येऊ शकतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात आपटल्यावर 'हुशार' ठरवलेली मुलं लवकर कंटाळली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. ड्वेक यांच्या पुढच्या संशोधनावर वाद झाले आहेत, म्हणून याला जादूची कांडी समजू नका. 'शाब्बास, मेहनत केलीस' असं सरसकट म्हणण्यापेक्षा नेमकं बोला: "भागाकार चुकला तेव्हा तू गुणाकार करून पडताळलास, ते बरं केलंस."

दुसऱ्याच्या लेकराचं उदाहरण तोंडावर फेकणं

"दिव्या देशमुख बघ, तीही नागपूरचीच!" जुलै २०२५ मध्ये तिनं जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडच्या पालकांना नवं हत्यार मिळालं. सांगायचंच असेल तर पूर्ण सांगा. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले, बरोबरी फोडायला खेळलेल्या टायब्रेकमधला पहिला रॅपिड (झटपट) डावही बरोबरीत, आणि निकाल लागला दुसऱ्या रॅपिड डावात. मुलांना हा भाग ऐकवा. चषकाचा फोटो त्यांनी बघितलेलाच असतो.

हरल्या दिवशीच क्लास बंद

स्पर्धेत हरून आल्यावर मूल म्हणतं, "मला नाही जायचं." त्या संध्याकाळी हो किंवा नाही, काहीच ठरवू नका. क्लास लावतानाच मुदत ठरवून घ्या, समजा दिवाळीपर्यंत. मुदत संपल्यावर ते शांतपणे नको म्हणालं तर सोडू द्या, त्यात काही वावगं नाही. शिकवणारा मारत असेल किंवा अपमान करत असेल तर मुदत गेली खड्ड्यात, त्याच दिवशी काढा.

'मुलगा असून रडतोस काय बे?'

रडू द्या. पाणी द्या, जवळ बसा. उपदेश जेवणानंतर.

प्रत्येक वेळी आळस समजणं

वाचायला बसलं की रोज पोट दुखतं, अक्षरं उलटसुलट होतात, तोंडी सगळं येतं पण कागदावर काही उतरत नाही, असं बराच काळ चाललं असेल तर प्रश्न चिकाटीचा नसून अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकताना येणाऱ्या खऱ्या अडचणीचा, असू शकतो. अशा वेळी जास्त वेळ बसवून ठेवलं तर मूल आणखी खचतं. शाळेतल्या शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला, रीतसर तपासणी करून घ्या. झोप उडाली, जेवण कमी झालं, मित्रांत मिसळणं थांबलं तर परीक्षा संपण्याची वाट बघत बसू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.