स्विचिंग पॉवर सप्लायमुळे रेडिओत येणारी शिट्टी कशी कमी करावी

इंदूरमध्ये आकाशवाणीचे ६४८ किलोहर्ट्झवरील केंद्र ऐकताना शेजारचा एलईडीचा स्विचिंग पॉवर सप्लाय (वीज अतिवेगाने चालू-बंद करून हवा तो व्होल्टेज देणारा सप्लाय) सुरू केला, की कधीकधी शिट्टी ऐकू येते. कारण सप्लाय ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याची दहावी गुणित लहर (हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दहापट वारंवारतेची लहर) ६५० किलोहर्ट्झवर येते आणि दोहोंमधील २ किलोहर्ट्झचा फरक कानाला स्पष्ट जाणवतो.

प्रथम रेडिओ बॅटरीवर लावून पाहावा. शिट्टी थांबली, तर उपद्रव मुख्यतः विजेच्या वायरीतून येत आहे.

त्यानंतर सप्लायच्या इनपुटच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र धरून मँगनीज-झिंक फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) रिंगवर आठ-दहा वेढे द्यावेत. दोन्ही तारा एकत्रच हव्यात, कारण एकटीच तार गुंडाळल्यास तिच्या प्रवाहाने रिंगचा गाभा संपृक्त होऊन (म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपून) रिंगचा परिणाम घटतो. आउटपुटच्या तारा आखूड ठेवून एकमेकींना पीळ द्यावा.

फेज-न्यूट्रलमध्ये कपॅसिटर जोडायचा असल्यास तो एक्स-२ वर्गाचाच (फेज-न्यूट्रलमध्ये जोडण्यासाठी बनवलेला सुरक्षा कपॅसिटर) घ्यावा. साधा कपॅसिटर शॉर्ट होऊन आग लागू शकते, म्हणून येथे काटकसर मुळीच करू नये. सप्लायला धातूची पेटी असल्यास तिला पक्के अर्थिंग द्यावे.