२६ जानेवारीच्या सेलमध्ये खरेदी कशी करावी

१९३० मध्ये २६ जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली, त्या दिवसाचा मान राखून १९५० मध्ये राज्यघटना त्याच तारखेला अमलात आली, आणि आता त्याच तारखेच्या नावाने मिक्सरवरही सूट मिळते, ही गंमत खुशाल अनुभवावी. मात्र झेंडावंदन आधी, खरेदी नंतर.

हव्या त्या वस्तूचा मॉडेल क्रमांक आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव महिन्याच्या सुरुवातीलाच टिपून ठेवावा, कारण छापील किमतीवरून मोजलेली सूट नेहमीच डोळे दिपवते. क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे वरकरणी बिनव्याजी मासिक हप्ते, घेतल्यास हप्त्यातील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय बँकेचे प्रक्रिया शुल्कही असू शकते; ते धरूनच टिपलेल्या भावाशी ताळा करावा.