एर्मिताज घरी मुरवताना या चुका टाळा

फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, तँ-लेर्मिताज या गावाच्या माथ्यावर, ग्रॅनाइटची एक दक्षिणाभिमुख टेकडी आहे. तिच्यावरील जेमतेम एकशे पस्तीस हेक्टर द्राक्षमळ्यांत पिकणाऱ्या सिरा द्राक्षांपासून एर्मिताज ही गडद, भारदस्त आणि दीर्घायुषी रेड वाइन तयार होते. चांगल्या वर्षाची बाटली वीस-तीस वर्षे सहज मुरते. तरीही अनेकांच्या पदरी निराशा येते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा खरेदीत किंवा साठवणुकीत असते.

खरेदीतील नेहमीची चूक म्हणजे क्रोझ-एर्मिताजलाच एर्मिताज समजणे. क्रोझचे मळे टेकडीभोवतीच्या गावांत पसरलेले असून त्यांचे क्षेत्र दीड हजार हेक्टरांहून अधिक आहे. द्राक्ष तेच असले तरी ही वाइन सहसा पाच-आठ वर्षांत प्यावी. किमतीतला फरक पाहून ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून आनंदाने घेतलेली आणि पंधरा वर्षे जपलेली क्रोझची बाटली उघडली, तर बहुधा फळाचा स्वाद ओसरलेला आणि आंबटपणा तेवढा उरलेला आढळतो. वर्षाकडे दुर्लक्ष करणे हीदेखील अशीच चूक आहे. पॉल जाबुले एने या वाइन उत्पादकांच्या 1961 च्या ‘ला शापेल’ या एर्मिताजची कीर्ती ऐकून प्रत्येक एर्मिताज अर्धशतक टिकेल असे मानण्यात अर्थ नाही, 2002 मध्ये ऐन तोडणीच्या काळात अतिवृष्टी झाली, तर 2010 आणि 2015 ही वर्षे दीर्घ साठवणुकीसाठी उत्तम ठरली.

साठवणुकीत खरा शत्रू उष्णता आहे. तापमान 12 ते 14 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता सुमारे 70 टक्के असावी, बाटली अंधारात आडवी ठेवावी. विदर्भातील किंवा पुण्यातील उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली, कपाट कितीही आतल्या खोलीत असले तरी, एका मोसमातच बिघडू शकते. बूच तोंडापासून किंचित वर सरकले असेल, वेष्टणाखाली वाइनचा चिकट ओघळ दिसत असेल किंवा कमी वयाच्या बाटलीत वाइनची पातळी गळ्याखाली उतरली असेल, तर तिला उष्णता लागल्याची दाट शक्यता आहे. अशी बाटली आणखी मुरवू नये, लवकर उघडून पाहावी. घरातील फ्रिज वर्षानुवर्षांच्या साठवणुकीसाठी योग्य नाही, कारण तेथील कोरड्या हवेने बूच आक्रसते. मात्र एप्रिल-मेमधील काही आठवड्यांपुरता तो उघड्या फडताळापेक्षा केव्हाही बरा. वाइन थंड ठेवणारे विजेवरचे कपाट असेल, तर वीज गेल्यास त्याचे दार बंदच ठेवावे, म्हणजे तापमान हळूहळू चढते.

आता सर्वांत महागडी चूक. एर्मिताज पहिली तीन-चार वर्षे फळांनी भरलेली लागते आणि त्यानंतर पुष्कळदा काही वर्षे मिटून जाते: गंध दबतो, टॅनिनचा तुरटपणा पुढे येतो आणि जिभेवर कडकपणाच तेवढा राहतो. या टप्प्यावर सहाव्या-सातव्या वर्षी बाटली उघडून वाइन बिघडली असा निष्कर्ष काढला जातो आणि उरलेल्या बाटल्या मिळेल त्या भावाने विकल्या जातात. वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरशीकडे झुकणारा वास येत असेल तर दोष बुचाचा आहे आणि त्यावर उपाय नाही. असा वास नसेल, तर उरलेल्या बाटल्यांना दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत हात लावू नये. म्हणूनच परवडत असेल तर एकाच वर्षाच्या किमान तीन बाटल्या घ्याव्यात. एकुलत्या एक बाटलीची वेळ ठरवणे हा निव्वळ जुगार आहे.

उघडण्यापूर्वी जुनी बाटली एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ऱ्होनच्या बाटलीचे खांदे उतरते असल्याने बोर्दोच्या बाटलीत अडतो तसा गाळ तेथे अडत नाही. त्यामुळे गळ्यामागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरून अगदी सावकाश ओतावे आणि काळपट रेघ गळ्याकडे सरकताना दिसताच थांबावे. तरुण वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवण्याच्या काचेच्या सुरईत, तीन-चार तास राहिली तरी चालते. पंचवीस वर्षांची मात्र गाळ वेगळा केल्याबरोबर, 16 ते 18 अंशांवर, पेल्यात घ्यावी. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे आपल्याकडचे तीस अंश नव्हेत. त्या तापमानाला अल्कोहोलचा दर्प बाकी सारे झाकून टाकतो. जुने बूच ठिसूळ झाले असल्यास फिरकीच्या ओपनरऐवजी दोन पात्यांचा ओपनर वापरावा, आणि तरीही तुकडे आत पडलेच तर वाइन स्वच्छ, बिनवासाच्या बारीक गाळणीतून गाळून घ्यावी.