गोव्याहून विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

आधी विमानतळ ठरवा. ‘गोवा’ एवढंच वाचून तिकीट काढू नका. वास्कोजवळचा दाबोळी आणि पेडण्यातला मोपा, दोन्ही गोव्याचेच. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मी म्हापशात तिकिटं काढून देते आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारते, की घर कुठे? मोपा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तेव्हापासून या प्रश्नाला पर्याय नाही.

आता अंतर. विमानाचं अंतर रस्त्यावरून मोजायचं नाही, सरळ रेषेत मोजायचं. फोनच्या नकाशावर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मिळतात. मोपा सुमारे १५.७४ उत्तर, मुंबई १९.०९. फरक ३.३५ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ३७२. रेखांशातला फरक जवळपास एक अंश, तो आपल्या भागात १०६ किलोमीटर भरतो. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: सुमारे ३८७ किलोमीटर. दाबोळीहून हेच अंतर ४२५च्या आसपास येतं. दुबई-लंडनसारख्या लांबच्या प्रवासाला मात्र ही रीत चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. तिथे पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा आणि गोलावरच्या प्रमाणाने मोजा. मुलांना हे जरूर करून दाखवा, भूगोल हातात येतो.

वेळेसाठी माझा हिशोब असा: अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास वाढवा. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८००-८५० किलोमीटरने जातं, पण चढताना-उतरताना हळू असतं, धावपट्टीपर्यंत रांगतही जातं. दिल्ली दाबोळीहून सुमारे १५०० किलोमीटर, म्हणजे दोन तास वीस-पंचवीस मिनिटं. वेळापत्रकात याहून थोडं जास्त दिसेल, मुंबईला तर हमखास, कारण तिथे उतरायला आकाशात थांबावं लागतं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ८०० ऐवजी ५०० ने भागा.

दाबोळी आणि मोपा यांच्यात हवेतून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे विमानाची तीन मिनिटं. जमिनीवर तेच झुआरी पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा असं ओलांडत दीड-दोन तास घेतं. म्हणून मडगावच्या माणसाला मी सांगते: मोप्याचं तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त दिसलं तरी टॅक्सीचं भाडं आधी विचार. पेडणे-बार्देशवाल्यांनी दाबोळीच्या तिकिटाबाबत तेच करावं. कदंबची बस मिळत असेल तर तिची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

आखातात माणसं असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. दुबई आपल्यामागे दीड तास. पहाटे ४ ला निघून तिथल्या ५:४५ ला पोचलात, तर प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे, सव्वातीन तासांचा. अंतर २२०० किलोमीटर, वरच्या हिशोबानेही तेच येतं. परतीला दीड तास वजा करायचा, आणि हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर येताना वेळ थोडा कमीच लागतो. घ्यायला येणाऱ्याला विमान उतरायची वेळ कळवा, पण सामान आणि इमिग्रेशनसाठी वर तासभर धरायला सांगा.