बीपी औषधांना दाद देत नाही? आधी या चुका टाळा

"डॉक्टर, तीन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी 170च्या खाली येत नाही. आता जरा जोराची गोळी लिहा." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: चौथ्या गोळीचं मागाहून बघू, आधी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा. अंगदुखीची, सर्दीची, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळी.

औषधांना दाद न देणारं बीपी असतं, नाही असं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2018 साली त्याची व्याख्या नीट मांडली. वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं, त्यात एक लघवीची (लघवी वाढवणारी) गोळी, प्रत्येकाचा सोसेल तेवढा पूर्ण डोस, आणि तरी बीपी 130/80च्या वर. चार किंवा जास्त औषधांनी आटोक्यात राहणारं बीपीही त्यातच धरतात. उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण दहा-पंधरा टक्के लोक कागदावर या व्याख्येत बसतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत आपल्या देशातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, म्हणजे ही दहा-पंधरा टक्क्यांची रांग लहान नाही. पण तिच्यातले कितीतरी जण तिथे चुकून उभे आहेत.

सगळ्यात मोठी चूक: गोळ्या पोटात जातात असं धरून चालणं.

साठीचे एक बागायतदार माझ्याकडे यायचे. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन, मेटोप्रोलोल, प्राझोसिन अशा पाच गोळ्या, आणि बीपी दर खेपेला 180/100. "गोळ्या घेता ना?" "हो, घेतो की." त्या 'हो'वर विसंबून मी एकेक गोळी वाढवत गेलो. पुढे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते भरती झाले. सकाळी सातला सिस्टरांनी फाइल बघून पाचही गोळ्या समोर उभं राहून घ्यायला लावल्या. दहाच्या सुमारास गृहस्थ बाथरूमच्या दारात कोसळले. बीपी 80/50. सलाइन लावलं, पाय वर घेतले, ऑपरेशन पुढे ढकललं. संध्याकाळी त्यांच्या बायकोने घरून बिस्किटांचा डबा आणला. आत रबर लावलेल्या, न फोडलेल्या स्ट्रिपा, कित्येक महिन्यांच्या. "डोकं जड झालं की घेतो. रोज घेतली तर सवय लागते म्हणतात," ते खालमानेनं म्हणाले.

त्या दिवशी त्यांचं डोकं फरशीवर आपटलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही. तेव्हापासून मी "गोळ्या घेता का" विचारत नाही. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?" असं विचारतो, स्ट्रिप हातात घेऊन मोजतो आणि मेडिकलच्या बिलावरची तारीख बघतो. लघवीत औषधाचा अंश तपासून पाहिला, तेव्हा काही अभ्यासांत अशा 'हट्टी' बीपीचे निम्म्याच्या आसपास रुग्ण लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्या घेत नसल्याचं दिसलं आहे. रागावून हे सुधारत नाही. पाचाच्या दोन गोळ्या करता आल्या, एका गोळीत दोन-तीन औषधं बसवता आली, तर माणूस घेतो. आणि ज्यांनी खरंच गोळ्या सोडल्या आहेत त्यांनी हे वाचून एकदम सगळ्या सुरू करू नयेत. आधी डॉक्टरांना खरं सांगा.

दुसरी चूक मोजण्याची. जिना चढून आलेला माणूस धापा टाकत बसतो, शर्टाची बाही वर सरकवून पट्टा गुंडाळला जातो, पाय लोंबकळत असतात, गप्पा चालू असतात आणि आकडा येतो 168. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर त्यातच दहा-पंधराची भर पडते. स्पेनमध्ये अशा 8295 रुग्णांचं चोवीस तासांचं बीपी मोजलं, तेव्हा 37.5 टक्के लोकांचं बीपी फक्त दवाखान्यातच वाढलेलं निघालं. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी 135/85च्या वर असेल तर ती जास्तच. दर तासाला मोजून घाबरण्यात काही अर्थ नाही. गोळी बदलली की चौथ्या दिवशी डॉक्टरही बदलणाऱ्यांना कळकळीने सांगतो, महिनाभर तरी थांबा.

पिशवीतून बहुतेक वेळा बाहेर पडते ती गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात आणि बीपीच्या औषधांचा जोर कमी करतात.

नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या बीपी चढवतात. रोज चघळलेलं ज्येष्ठमधही चढवतं, शिवाय पोटॅशियम उतरवतं.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. लोणचं, पापड, खारे दाणे त्यातच मोजायचे.

आमच्या बाजूची चूकही सांगतो. अर्ध्या डोसाच्या चार गोळ्या लिहायच्या आणि बीपी दाद देत नाही म्हणायचं. तरुण डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत हे फार दिसतं. लघवीची गोळी नसलेली चिठ्ठी बघितली की मी तिथेच थांबतो.

एवढं सगळं तपासूनही बीपी वरच राहिलं, तर मग कारण शोधायचं. रुग्णाला नाही, बायकोला विचारायचं: घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकतो का? तरुण मुलगी असेल तर दोन्ही हातांचं बीपी बघायचं, किडनीच्या रक्तवाहिन्या तपासायच्या. आणि अल्डोस्टेरॉन. खरोखर दाद न देणाऱ्या पाचांपैकी जवळपास एकात किडनीवरच्या ग्रंथीतून हे संप्रेरक जास्त पाझरत असतं. पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून ही शक्यता सोडू नका, रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉनला हुकूम देणारं किडनीतलं द्रव्य) दोन्ही तपासा. एका बाजूच्या ग्रंथीत गाठ असेल, तर ती काढून बीपी उतरलेले लोक आहेत.

चौथी गोळी लागलीच तर बहुतेकदा स्पायरोनोलॅक्टोन. 2015 साली ब्रिटनमधल्या पाथवे-2 चाचणीत बायसोप्रोलोल आणि डॉक्साझोसिनपेक्षा ती सरस ठरली. पण तिने पोटॅशियम वाढतं, टेल्मिसार्टनसोबत अधिकच. म्हणून आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्याने रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) करायचंच. आणि घरात 'कमी सोडियमचं' मीठ आणलं असेल तर तेही पिशवीत घालून आणा, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.