अंतराळयानातला विदूषक आणि त्याच्या मागची भिंत

सांगलीतल्या एखाद्या हौशी संचाने विज्ञानकथेवर छोटी मालिका करायचे ठरवले, की पहिल्या वाचनालाच दोन गोष्टी वाटून टाकल्या जातात. हमखास हशा घेणारे पात्र संचातल्या हजरजबाबी नटाकडे जाते आणि यान उभारण्याचे काम नेपथ्य सांभाळणाऱ्याकडे. ही वाटणी टाळावी, कारण दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाचा विश्वास एकाच कारणाने उडतो: यानाला ज्याची गरज नाही असे काहीतरी यानावर ठाण मांडून बसलेले त्याला दिसते.

म्हणून विनोदी पात्राला आधी यानावर काम नेमून द्यावे आणि विनोद त्या कामातून काढावा. सांगलीकरांना हे नव्याने सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या परंपरेतला विदूषक सूत्रधाराशी बोलता बोलता पुढच्या खेळाची वाट मोकळी करून देई. कवलापूरच्या काळू-बाळूंनी तमाशात रंगवलेले हवालदार पोट धरून हसवत, तेही अंगावरच्या वर्दीच्या जोरावर.

काम नसलेल्या पात्राचे काय होते हे पाहायचे तर १९६५ ते १९६८ या काळात अमेरिकेत दाखवल्या गेलेल्या ‘लॉस्ट इन स्पेस’मधला डॉक्टर स्मिथ नीट अभ्यासावा. रॉबिन्सन कुटुंबाच्या यानात घातपात करायला शिरलेला आणि उड्डाणाच्या वेळी आतच अडकलेला हा माणूस सुरुवातीला खरोखर धोकादायक होता. जोनाथन हॅरिस या नटाने स्वतःचे संवाद फिरवून लिहीत त्याला हळूहळू भित्रा, आळशी आणि बढाईखोर केले, आणि दुसऱ्या हंगामापर्यंत स्मिथ, रॉबिन्सनांचा लहानगा विल आणि यंत्रमानव या तिघांभोवतीच कथा फिरू लागली. यंत्रमानवाला तो घालत असलेल्या अनुप्रासयुक्त शिव्यांवर जीव टाकणारे प्रेक्षक आजही आहेत, तसेच त्याने मालिकेचा पोरखेळ केला असे म्हणणारेही आहेत. माझ्या मते नटाला बोल लावण्यात अर्थ नाही; त्याचे काम अव्वल आहे. दोष संहितेचा आहे. ज्याने रॉबिन्सनांच्या मुलांचा जीव पुन्हा पुन्हा धोक्यात घातला त्यालाच त्या मुलांचे आईबाप दर आठवड्याला पंक्तीला घेतात, म्हणजे एकाला विनोदी ठेवण्यासाठी बाकी सगळ्यांना बावळट व्हावे लागते. तेव्हा तालमीपूर्वी प्रत्येक प्रवेशाला एक प्रश्न विचारावा: या पात्राच्या चुकीकडे इतरांनी दुर्लक्ष का केले? ‘नाहीतर कथा पुढे सरकत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो प्रवेश पुन्हा लिहायला घ्यावा.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मधला (१९९५–२००१) नीलिक्स स्वयंपाकी आहे, शिवाय परक्या प्रदेशातला वाटाड्या आहे, त्यामुळे तो यानावर कशाला, असे कोणी विचारत नाही. त्याच्या बडबडीला कंटाळणारे तरीही पुष्कळ आहेत. मात्र पहिल्याच हंगामात त्याचे कुटुंब एका संहारक अस्त्राने नष्ट झाल्याचे कळते, आणि त्यानंतर तीच बडबड वेगळी ऐकू येते. आपल्या पात्रालाही असा एक प्रवेश द्यावा, एकच, आणि त्यात त्याला विनोद करू देऊ नये.

आता भिंतीकडे वळू. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेत १९६६ च्या एका भागासाठी आगळ्या घडणीच्या मीठदाण्या आणल्या होत्या, त्या मीठदाण्या आहेत हे कोणालाच कळणार नाही असे ध्यानात आल्यावर प्रवेशात साध्या मीठदाण्या ठेवल्या गेल्या आणि नव्या मीठदाण्या डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणे बनल्या. प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशात वापरायच्या वस्तू, निवडताना हीच कसोटी लावावी, पण ती आपल्या प्रेक्षकांच्या नजरेने लावावी. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कितीही चंदेरी रंगवून शिरस्त्राण म्हणून डोक्यावर घातला तरी दुसऱ्या रांगेतून ‘तंबोरा’ असा आवाज येणारच, आणि ठिबकची नळी तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ड्रिपरसकट ओळखू येते. त्यापेक्षा भंगारवाल्याकडे किलोवर मिळणारे सर्किट बोर्ड किंवा मोडक्या प्रिंटरच्या पोटातली दातेरी चाके घ्यावीत. प्रिंटर सर्वांनी पाहिलेला असतो, त्याचे पोट फारच थोड्यांनी. सनबोर्डच्या फ्लॅटला, म्हणजे हलक्या फळ्यांच्या उभ्या केलेल्या भिंतीला, मागून भक्कम टेकू द्यावा. दार लोटल्यावर यानाची भिंत हलली, की पुढचा गंभीर संवाद वाया गेलाच म्हणून समजावे.

पन्नास लुकलुकणाऱ्या दिव्यांपेक्षा पाचच दिवे लावावेत आणि कोणता कशासाठी हे वहीत लिहून ठेवावे. पहिल्या भागात लाल दिवा हवेच्या दाबाचा असेल, तर चौथ्या भागातही तो हवेच्या दाबाचाच राहिला पाहिजे. आकड्यांचीही नोंद हवी. व्हॉयेजरवर ३८ टॉर्पेडो आहेत आणि नवे मिळण्याची सोय नाही, असे सुरुवातीला सांगितले गेले आणि पुढे त्याहून कितीतरी जास्त डागले गेले. चाहत्यांनी ते मोजले.

तेविसाव्या शतकातल्या यानाला धक्का बसला की बटणांचे फलक ठिणग्या उडवतात आणि खुर्चीला पट्टा नसल्याने माणसे जमिनीवर लोळतात, हे मात्र घरच्या मीटरशेजारी एमसीबी (वीज जास्त झाली की आपोआप पडणारा ब्रेकर) असलेल्या प्रेक्षकाला पटवणे कठीण आहे. ठिणग्या हव्याच असतील, तर आधीच्या भागात कोणीतरी ‘हा ब्रेकर पडत नाही, कितीदा सांगितले’ अशी कुरकुर करून ठेवावी. ही कुरकुर विनोदी पात्राच्या तोंडी घालावी. त्याला यानाचा वायरमन करावा, तेव्हा प्रेक्षक हसत हसत ऐकतील, बाकीची पात्रे दुर्लक्ष करतील, आणि पुढे स्फोट झाल्यावर वेडा कोण ठरला हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यासाठी लेखक आणि नेपथ्यकार यांनी एकच वही वापरावी, डाव्या पानावर पात्राची कुरकुर आणि उजव्या पानावर भिंतीची स्थिती लिहावी, आणि शूटिंगच्या दिवशी ती कॅमेऱ्याशेजारी ठेवून प्रत्येक शॉटपूर्वी दोन्ही पाने ताडून पाहावीत.