पिकअपचा रेडिएटर तापल्यास काय करावे आणि खर्च कसा आवरावा

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना भरलेल्या पिकअपचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तर एसी बंद करून गाडी सावलीत उभी करावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

इंजिन पूर्ण निवल्यावर होज पाइपचे सांधे, पाण्याचा पंप आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची कड तपासावी, कारण गळती असेल तिथे वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत द्रवाचा) हिरवट किंवा गुलाबी डाग बहुधा दिसतो. गळती नसेल, तर जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाची रुई इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवावी; एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

रेडिएटरमध्ये भरायला बोअरचे जड पाणी अडचणीपुरते चालेल, पण त्याचे क्षार नळ्यांत साचतात.

मिस्त्रीकडे थेट नवा रेडिएटर मागू नये. झाकण, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह उघडणारी झडप) आणि पंखा ही स्वस्त तपासणी आधी करून घ्यावी, सुट्या भागांचे व मजुरीचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले असावे; हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) फुटल्याची शंका घेऊन गाडी टोचन करूनच न्यावी.